साखरेचा डाग

गिऱ्हाइकं त्यांना डागवाल्या बाई म्हणत, आणि त्यात अपमान मुळीच नव्हता. चौकातल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात अठरा वर्षं उभं राहून बाईंनी एवढे कपडे उलटेपालटे केले होते, की नुसती कॉलर बघून त्या माणसाचा अख्खा आठवडा सांगत. कुणी "शाई सांडली हो" म्हणत बाही पुढे केली, की बाई ती नाकाशी नेत आणि म्हणत, "शाई नाही, वाईन आहे. घरी काय सांगायचं ते सांगा, पण मला खरं सांगा. औषध वेगळं लागतं." माणसं खोटं बोलतात, डाग बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. दुकानात या स्वभावाचा उपयोग होता. घरी मात्र नवऱ्याने न सांगता भांडी घासून ठेवली, तरी बाई आधी विचारत, "आज काय फोडलंस?"

तर अशा बाईंच्या घरात बर्फावर जायचा बेत शिजत होता.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. पंधरा वर्षं फळ्यावर बर्फाचे डोंगर काढून त्याचे हात पांढरे झाले होते, पण बर्फ त्याने जवळून बघितला नव्हता. आता हिवाळ्याच्या सुट्टीत सहा दिवस स्कीइंगला जायचं, लेकीला शिकवणी लावायची आणि आपण "बघून बघून शिकायचं", असं त्याने ठरवलं होतं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार कप.

सगळ्यांत जास्त उत्साह होता तो सासऱ्यांना. तीस वर्षं त्यांनी लांबच्या पल्ल्याची बस चालवली. त्यांचा शेवटचा थांबा बर्फाच्या डोंगराच्या ऐन पायथ्याशी होता. समोर पांढराशुभ्र डोंगर दिसायचा, आणि यांनी गाडी वळवून परत निघायचं. तीस वर्षांत वर जायला एक दिवस मिळाला नाही. परवाच त्यांनी लोकरीचे मोजे आणले आणि ते घालून सगळ्या घरात फिरून दाखवलं होतं.

अडचण होती लेकीची. ती नऊ वर्षांची. लहानपणी जेवण गालात साठवून ठेवायची म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं होतं खार. या खारीला गाडी लागायची. चार वर्षांची होईपर्यंत तर गाडीत बसायच्या आधीच तिचा चेहरा उतरायचा. मग ते आपोआप बंद झालं, आणि गेल्या वर्षी परत सुरू झालं. दर प्रवासात दोनदा-तीनदा गाडी बाजूला घ्यायची, पोरीला उतरवायचं. आत्याच्या घरी पोचेपर्यंत तिच्या जॅकेटवर काहीतरी सांडलेलं असायचंच. आत्याची मुलं तिला "पिशवी" म्हणायची आणि जेवताना तिच्या ताटाशेजारी कागदी पिशवी आणून ठेवायची. खार खाली मान घालून जेवायची.

"मी उपाय काढलाय," नवरा म्हणाला. "आपली गाडी न्यायचीच नाही. थेट बस आहे. सात तास, मध्ये फक्त एकदा थांबते, दहा मिनिटं. डॉक्टरांनी दिलेली गोळी हिला निघतानाच द्यायची. झोपून जाईल."

"डॉक्टर म्हणालेत, दुसरा उपाय नसेल तरच द्या," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीपर्यंत गुंगी राहते. ती बर्फावर उभी काय राहणार, कपाळ?"

"मग रस्ताभर थांबत जायचं का? बारा तास लागतील."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही तिघं जा," ते म्हणाले. "माझे गुडघे आता बर्फाचे राहिले नाहीत. मी कुंड्यांना पाणी घालतो."

"अहो बाबा, तुम्हीच तर—" नवरा म्हणाला.

"जा म्हटलं ना."

आणि लगेच खार म्हणाली, "आजोबा नाहीत, तर मी पण नाही. मला गाडी लागते."

बाईंनी आधी सासऱ्यांकडे बघितलं, मग लेकीकडे. परवा मोजे घालून मिरवणाऱ्या माणसाला आज गुडघे आठवतात? आणि एरवी झाडावरून उतरायला तयार नसणारी पोर घरी बसते म्हणते? पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि कुठं ते शोधल्याशिवाय बाईंना चैन पडणार नव्हतं.

पहिला संशय नवऱ्यावर. तो पोरीला चोरून अरबटचरबट खायला घालत असणार. त्याने शपथ घेतली. त्याची शपथ बाईंनी निम्मी धरली, पण त्याच्या खिशांत खरंच काही सापडलं नाही. दुसरा संशय, पोरीला स्कीइंगची भीती वाटतेय. तसं विचारल्यावर खार म्हणाली, "पडले तर पडले, बर्फ मऊ असतो." तिसरा संशय असा की आजोबा आणि नात मिळून काहीतरी शिजवतायत. दोघांची गट्टी जुनी, आणि दोघंही ताकास तूर लागू देणारे नव्हेत.

सोमवारी बाईंनी लेकीचं निळं जॅकेट दुकानात नेलं. आदल्या शनिवारी आत्याकडे जाताना त्यावर उलटी झाली होती, आणि घरी नुसतं पाण्याने पुसून ते खुंटीला लावलेलं होतं. छातीवर तळहाताएवढा फिकट पिवळा डाग. रोज असे दहा कपडे हाताखालून जातात, म्हणून बाईंनी न बघताच त्यावर वाफ सोडली.

वाफ लागली की उलटीचा आंबट वास परत उठतो. कितीही धुवा, अस्तरात तो दबा धरून बसलेला असतो. बाईंनी सवयीने तोंड बाजूला केलं. पण आंबट काही आलं नाही. आला तो संत्र्याच्या सरबताचा गोड वास, आणि मागोमाग बिस्किटाचा. आणि डाग उष्णतेनं बघता बघता तपकिरी झाला. साखरेशिवाय दुसरा कुठला डाग असं करत नाही.

बाईंनी जॅकेट टेबलावर पसरलं, नखाने डाग खरवडला, नाकाशी नेला. मग खुर्ची ओढून बसल्या. बाहेर एक गिऱ्हाईक पावती हलवत उभं होतं, त्याला म्हणाल्या, "थांबा हो जरा. घरातच चोर निघालाय."

बुधवारी त्यांनी परीक्षा घेतली. शाळा सुटल्यावर खारीला एकटीला गाडीत घातलं आणि तलावामागच्या रस्त्याने नेलं. बावीस वळणं. वर तिच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं आणि "वाच, मला मोठ्याने वाचून दाखव" म्हटलं. पोरीने बावीस वळणं खणखणीत आवाजात वाचून काढली.

"काही होतंय का गं?"

"भूक लागलीय."

बाईंचा पारा चढला. वर्षभर आपण या पोरीसाठी लिंबू, पिशव्या, ओले नॅपकिन घेऊन फिरतोय. डॉक्टरांचे उंबरे झिजवले. आत्यासमोर मान खाली घातली. आणि ही नऊ वर्षांची एवढीशी चिमुरडी आपल्या डोळ्यांत धूळ फेकते? डागवाल्या बाईंच्या? पण त्यांनी तिला तिथेच धरलं नाही. चोर रंगेहाथ पकडायचा असतो, नाहीतर तो उलट आपल्यालाच विचारतो, पुरावा काय.

शनिवारी परत आत्याकडे जायचं होतं. नवऱ्याला शाळेत काम होतं, म्हणून गाडी बाईंनी घेतली. मागे सासरे आणि खार. निघताना बाईंनी आरसा असा फिरवला की रस्ता कमी आणि मागची सीट जास्त दिसावी.

अर्धा तास काही नाही. आजोबा आपल्या बसचे किस्से सांगत होते. त्यांचा नियम घरात सगळ्यांना पाठ होता: निघायच्या आधी जाऊन या, मध्ये गाडी थांबणार नाही. एकदा कुणी मोठा साहेब गयावया करत पुढे आला, तर आजोबा म्हणाले होते, "साहेब, थांबा अजून चाळीस मैलांवर आहे. मला जमतं, तुम्हालाही जमेल." हा किस्सा सांगून ते नेहमी पोट धरून हसत. आज सांगितला, पण हसले नाहीत.

पाऊण तासाने त्यांचं बोलणं थांबलं. आरशात बाईंना त्यांचा हात दिसला. त्याने सीटची कड घट्ट धरली होती. मग उजवा गुडघा हलायला लागला, बारीक, सारखा. त्यांनी घड्याळ बघितलं, बाहेर बघितलं, परत घड्याळ बघितलं. कपाळावर घाम.

खार त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती गुडघ्याकडे. मग तिने खिशातून बिस्कीट काढलं, तोंडात टाकलं, गालात सरकवलं. बाटलीतलं सरबत एक घोट. आणि मग एकदम बारीक आवाज काढून,

"आई, मला मळमळतंय. थांब ना. लवकर."

पुढेच पेट्रोल पंप होता. बाईंनी गाडी आत घेतली. "थांब, मी येते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बसा सूनबाई," सासरे दार उघडत घाईने म्हणाले. "मी नेतो हिला. आलोच आहे तर मीही जाऊन येतो."

दोघं पंपामागे गेली. बाई दोन मिनिटं बसल्या आणि मग हळूच मागोमाग गेल्या. पुरुषांच्या संडासाच्या बंद दारासमोर खार उभी होती. एका हातात आजोबांची टोपी, दुसऱ्यात त्यांची काठी. एक माणूस दाराकडे आला, तर तिने काठी आडवी धरली आणि म्हणाली, "आत माणूस आहे. त्यांना घाई करायची नाही." माणूस हसून बाजूला उभा राहिला. खारीने खिशातून दुसरं बिस्कीट काढलं आणि ते चांगलं कुरुमकुरुम चावून खाल्लं.

दाराची कडी वाजली तसं तिने तोंड पुसलं, सरबताचा एक ओघळ जॅकेटवर सोडला आणि चेहरा पाडला.

बाई भिंतीआडून मागे फिरल्या. गाडीत बसून त्यांनी स्टेअरिंग धरलं, पण किल्ली फिरवायला हात उचलेना. ज्या माणसाने आयुष्यभर कुणासाठी गाडी थांबवली नाही, तो आता स्वतःसाठी थांबवा असं कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि हे घरात कुणाला दिसलं नाही. नवऱ्याला नाही, आत्याला नाही, लोकांच्या कॉलरी वाचणाऱ्या आपल्यालाही नाही. दिसलं ते एका खारीला. तिने "पिशवी" हे नाव वर्षभर मुकाट्याने अंगावर घेतलं, आणि त्याचं बक्षीस म्हणून आपण तिला गुंगीची गोळी द्यायला निघालो होतो. बाईंना स्वतःची लाज वाटली.

त्या दिवशी आत्याच्या मुलाने पिशवी आणली, तर बाईंनी ती त्याच्या हातातून घेतली आणि त्याचाच घास त्यात टाकला.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला एकटीला गाठलं. "खारे, तुला खरंच मळमळतं?"

"हो," खार डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली.

"नक्की?"

"खूप मळमळतं."

बाईंनी आणखी विचारलं नाही. डाग बोलला होता, तेवढं पुरे होतं. सासऱ्यांशी बोलायचा तर प्रश्नच नव्हता. एक शब्द निघाला असता, तर त्या माणसाने परत कधी गाडीत पाय ठेवला नसता.

रविवारी परत नकाशा पसरला. नवऱ्याने बसची तीन तिकिटं काढायला फोन हातात घेतला.

"बस नको," बाई म्हणाल्या. "आपली गाडी न्यायची. दर तासाला थांबायचं."

"अगं, हिला गोळी आहे ना?"

"हिच्यासाठी नाही. माझ्यासाठी. मला गाडी लागते."

नवऱ्याने फोन खाली ठेवला. "तुला? बारा वर्षांत कधी ऐकलं नाही!"

"गाडी मी चालवते तेव्हा नाही लागत. पण एवढा लांब पल्ला तू चालवणार, मी नुसती बसणार. बारा वर्षं सोसलं, आता नाही सोसवत."

"बरं, तू उतर. आम्ही गाडीत थांबू."

"मी एकटी उतरू? लोक बघतात, मला लाज वाटते. मी उतरले की सगळ्यांनी उतरायचं. पाय मोकळे करायचे, तोंड धुवायचं, ज्याला जे करायचं ते करायचं. दर तासाला. बारा लागोत नाहीतर पंधरा."

बाईंवर संशय घ्यायची नवऱ्याला सवय नव्हती, म्हणून तो शेवटी नकाशावर पेनने थांबे मांडायला लागला. सासरे मात्र बाईंकडे बराच वेळ बघत होते. तीस वर्षं आरशातून प्रवाशांचे चेहरे वाचलेला माणूस. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे बाईंना पुढेही कधी समजलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या सीटवर बसा, सूनबाई. पुढे कमी लागते." आणि थोड्या वेळाने, नकाशाकडे बघत, "कुंड्यांना शेजारचे घालतील पाणी."

हाताची घडी घालून खार आईला न्याहाळत होती, भुवया आवळून, अगदी डागवाल्या बाई एखादी बाही नाकाशी नेतात तशी.

दुपारी बाई जॅकेटं बॅगेत भरत होत्या, तेव्हा ती दार लोटून आत आली. आजोबा बाहेर आहेत ना, हे वळून बघितलं. मग बिस्किटांचा अर्धा पुडा आईच्या हातात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाली,

"एकदम गिळायचं नाही, आई. गालात धरायचं. आणि आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत बसू नकोस, त्यांना कळेल. गुडघ्याकडे बघ."