कटिंगच्या टेबलावरचा सांधा

दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का? मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी. खेळण्याचं खोकं बांधताना तो पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होता. बघेना का, माझं काय जातंय!

उभा जन्म मी लोकांचे कपडे शिवले. डोळे थकले तसं शिवणकाम बंद केलं, पण कापड बेतायचं लांबलचक टेबल मागच्या खोलीत होतं तसंच ठेवलं. त्यावर आता खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ आहेत. एक मोठा फेरा आणि त्यातून फुटून गोदामाकडे जाणारा फाटा. फाटा जिथे फुटतो तो सांधा. तिथल्या दोन पात्या सरकल्या की गाडी वळते. त्या सरकवायला टेबलाखाली छोटीशी मोटर, आणि तिला तीन वायरी. लाल सरळ जायला, हिरवी वळायला, काळी दोघींची सामाईक. एवढं डोक्यात शिरायला बराच वेळ गेला, पण शिरलं तेव्हा झालेला आनंद मी शिवलेला पहिला शर्ट गिऱ्हाइकाच्या अंगावर नीट बसला तेव्हाही झाला नव्हता.

हात गाडीचा वेग सांभाळायला हवेत, म्हणून दारावरच्या घंटीची दोन बटणं फळीला ठोकून मी पायाशी ठेवली. तिथेच घात झाला. बटण क्षणभरच दाबा, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. पण शिवणाऱ्या बाईचा पाय एकदा खाली गेला की शिवण संपेपर्यंत वर येत नाही. गाडी ऐटीत फाट्यावर वळली आणि तिचं कौतुक करत मी बटण दाबून बसले. टेबलाखालून आधी वास आला, मग धूर.

शेजारीण धावत आली, आणि घरी परतल्या परतल्या तिने माझ्या मुलाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव हजर, काखेत घडी घातलेली मोठाली खोकी. म्हणाला, एकटी राहणं आता पुरे, आमच्याकडे चल. टेबल तिकडे मावणार नाही, ते न्यायला सुतार संध्याकाळी येतोय. मला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, दुसरी मोटर आहे माझ्याकडे, आत्ता तुझ्यासमोर जोडते. धुराची एक रेघ जरी दिसली तर निमूट तुझ्याबरोबर येईन. नाही दिसली, तर सुताराला तू नको म्हणून कळवायचं. लहान मुलाचा हट्ट पुरवावा तसा तो बरं म्हणाला. ते तर जास्तच झोंबलं.

जळकी मोटर काढली, नवी बसवली, वायरी कसल्या. गाडी सोडली आणि पाय बटणावर नेला, पण खाली टेकवेना. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. चुकला तर याच पायापायी घर हातचं जायचं.

मग कॉलरचा कोपरा आठवला. तिथे मशीन पळवून चालत नाही. पाय नुसता टेकवायचा, एक टाका पडला की उचलायचा, मग कापड वळवायचं. हजारो कोपरे काढलेत मी असे.

पाय टेकवला, उचलला. टक्. पात्या सरकल्या, गाडी फाट्यावर गेली. तिला मागे घेतलं, लाल वायरीचं बटण, टक्, पुन्हा फेऱ्यावर. तो कंटाळेपर्यंत मी गाडी आतबाहेर केली. शेवटी त्याने टेबलाखाली वाकून नाकाने खात्री करून घेतली.

"आणि परत विसरलीस तर?"

"तर परत मोटर जळेल. मी परत बसवीन."

"आम्ही तिकडे काळजी करत बसायचं?"

"कर की. मीही तुझी करते. म्हणून तुझ्या घरातलं सामान उचलायला येत नाही."

तो बाहेर जाऊन सुताराला फोन करून आला आणि तोंड पाडून खोकी गोळा करायला लागला.

"त्यातलं सगळ्यात मोठं ठेव," मी म्हटलं आणि खणातून मोठी कात्री काढली. "फाट्यावर बोगदा करायचाय मला. धर नीट."

त्याने दोन्ही हातांनी धरलं.