विल्माच्या गळ्यातली पक्कड

मी पक्कड बोलतेय. हो, तारा वाकवायची आणि कापायची तीच. हसू नका. तुमच्यासारखा मलाही जबडा आहे, आणि तो नीट मिटला नाही तर मला कुणी विचारत नाही. म्हणून तर विल्माचं दुःख मला सगळ्यांच्या आधी कळलं.

जन्म माझा कारखान्यातला, पण मी वाढले उत्तनला, पायसच्या होडीवर. होडीला नवीन मशीन बसवलेलं, त्यामुळे माझ्या मागे सतत काम. डिझेल आणि बोंबलाच्या वासाने मी नखशिखांत माखलेली असायची. पायसची मुलगी विल्मा बापाचा डबा घेऊन किनाऱ्यावर यायची. तिचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला. पुढचे दात एकमेकांना भेटतच नसत. कैरी दिली तर ती दाढेखाली सरकवायची, आणि हसू आलं की आधी हात तोंडावर. त्या हाताचा मला भारी राग यायचा.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, खालचं हाड दोन्ही बाजूंनी कापून मागे सरकवता येईल. पायस नकोच म्हणाला. त्याची बायको गर्ट्रूड मात्र म्हणाली, "पोरगी एकदा तरी मोकली हसू दे." गावात त्यांनी एवढंच सांगितलं, विल्मा मावशीकडे गेलीय.

ऑपरेशन छान झालं. हाड जुळून येईपर्यंत वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. घरी सोडताना डॉक्टरांनी गर्ट्रूडला बजावलं, "उलटी झाली तर तोंड उघडणार नाही, पोरगी गुदमरेल. तार कापायचं हत्यार कायम जवळ ठेवा." कुठल्या तारा कापायच्या तेही दाखवलं. मग काय, गर्ट्रूडने मला होडीवरून उचललं, राखेने घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि जाळ्याच्या दोरीत ओवून लेकीच्या गळ्यात घातलं. काल मशीनखाली लोळणारी मी आज क्रुसाच्या शेजारी.

नेमका दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. ईस्टरपर्यंतचे उपास सुरू झाले. गर्ट्रूड विहिरीवर गेली असताना शेजारची म्हातारी रेजिनाबाय कपाळावर राख लावून आत डोकावली. बघते तो विल्माचं तोंड तारांनी बंद.

"खायाचा न्हाय, बोलायचा न्हाय?" तिने विचारलं.

विल्माने मान डोलावली. खरंच होतं ते.

"ईस्टरपर्यंत?"

डॉक्टरही साधारण तेच म्हणाले होते. विल्माने पुन्हा मान डोलावली.

मग म्हातारीची नजर माझ्यावर पडली. प्रभू येशूला क्रुसावरून उतरवताना हातापायांतले खिळे अशाच पकडीने उपटले होते, हे तिला आठवलं. तिने मला दोन्ही हातांत धरलं आणि चक्क माझा मुका घेतला. डिझेलचा वास अजून गेला नव्हता हो. मीच लाजले.

झालं. पायसच्या पोरीने कडक उपास धरलाय, ही बातमी गावभर. बायका येऊन मला कपाळाला लावू लागल्या. विल्माच्या चेहऱ्यावरची सूज त्यांना तेज वाटली. ती दातांआडून "ऑपरेशन" म्हणायची, त्यांना "प्रार्थना" ऐकू यायचं.

पण एका शुक्रवारी रेजिनाबाय आली तेव्हा विल्मा गालाच्या आतून नळी घालून बकऱ्याच्या पायाचं सूप पीत होती. उपासाच्या शुक्रवारी मटण! म्हातारीला बघून विल्मा दचकली, सूप घशात उलटं गेलं आणि तिचा श्वास अडकला. गर्ट्रूड धावली. तिने माझा जबडा उघडून तारेला भिडवला. मी जीव मुठीत धरला होता. तेवढ्यात विल्माला मोठा खोकला आला, सूप नाकातून आणि दातांच्या फटीतून बाहेर पडलं आणि श्वास मोकळा झाला. तार वाचली.

गर्ट्रूडने मग सगळं खरं सांगून टाकलं. रेजिनाबाय पुढे येऊन सुपात डोकावली. नळीला लागलेलं सूप बोटाने चाखून म्हणाली, "मिरी जास्त झालीय. उद्यापासून पाया मी करीन."

ईस्टरच्या आधी तारा निघाल्या, पण त्या कापल्या डॉक्टरांच्या चकचकीत कटरने. मला राग आला, खोटं कशाला बोलू? दात मात्र असे भेटले, की मीही बघत राहिले. चेहरा सरळ झाला. फक्त खालचा ओठ बधिर. हाडातल्या नसेला ताण बसला होता. "जाणीव परत येईल, पण कधी आणि किती, ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. ओठावरून लाळ ओघळली तरी विल्माला कळत नसे. पूर्वी जबडा लपवायला जाणारा हात आता लाळ पुसायला तोंडावर जाऊ लागला.

"चेहरा माझा झाला, ओठ माझा न्हाय," ती आईला म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

मग तिने एक रिवाज धरला. सकाळी मला भिंतीवरच्या खिळ्यावरून काढायची, डोळे मिटायची आणि माझं थंड लोखंड ओठाला लावायची. "काय न्हाय," म्हणून परत टांगायची. पावसाळा गेला, होड्या परत पाण्यात उतरल्या, मी रोज तिच्या ओठाला भेटत होते आणि ओठ मला ओळखत नव्हता.

नाताळ जवळ आला. गर्ट्रूड पीठ मळत होती. विल्माने मला ओठाला लावलं आणि झटकन मागे घेतलं. पुन्हा लावलं.

"आये," ती म्हणाली, "थंड हाय गो."

गर्ट्रूडने पिठाच्याच हातांनी तिचा चेहरा धरला. विल्मा हसत सुटली, आणि तिचे दोन्ही हात माझ्यावर होते, तोंडावर एकही नाही.

ओठाच्या डाव्या कोपऱ्यात जराशी जागा अजून मुकीच आहे. तिथे भाताचं शीत अडकलं की गर्ट्रूड समोरून स्वतःच्या हनुवटीला बोट लावते आणि विल्मा पुसते. पुढच्या उन्हाळ्यात तिने कैरीला पुढच्या दातांनी चावा घेतला. वरच्या-खालच्या दातांच्या खुणा समोरासमोर उमटल्या. ती कैरी तिने आधी मलाच दाखवली.

आता मी घरातल्या क्रुसाखाली टांगलेली असते. पायसने होडीसाठी दुसरी पक्कड आणली. विल्माची एकही तार मी कापली नाही, आणि त्याचाच मला अभिमान आहे. एक विनंती तेवढी आहे. अधूनमधून मला तेलाचं बोट लावा, गंजू देऊ नका. राखेच्या बुधवारी रेजिनाबाय अजून माझा मुका घ्यायला येते, आणि थंडीच्या सकाळी विल्मा मला ओठाला लावून उगीचच म्हणते, "थंड हाय."