गूळभेंडीची चार तासं

किशनरावांनी आगटीतून कणीस ओढलं, राख झटकली आणि गरम असतानाच दोन्ही तळहातांत चोळलं. हिरवे, मऊ दाणे सुपात पडले. त्यांच्या पत्नी तानुबाईंनी फुंकून कोंडा उडवला आणि मूठभर हुरडा साहेबांच्या हातावर ठेवला.

"खावा सायेब. गार झाला की मजा न्हाई."

येलदरी धरणाच्या पाण्याकाठी शहरातल्या माणसांनी फिरायला यावं, शेती बघावी, असं सरकारच्या मनात होतं. म्हणून कुठं बांधू द्यायचं आणि कुठं नाही, हे पाहायला साहेब जीपमधून आले होते. खरं तर ते आठवडाभर आधीच येणार होते. विद्यापीठ नामांतराच्या बंदमुळे दौरा पुढं गेला आणि तेवढ्यात गूळभेंडी ज्वारी हुरड्याला आली.

"हितं दोन खोल्या बांधन्यापुरतं बघा," किशनराव म्हणाले. "गावातलं घर एका खनाचं. पोरगं सेलूला कापसाच्या जिनिंगात हाय, तिथंच आवारात ऱ्हायलंय. खोल्या झाल्या की बायकोला घेऊन येतो म्हनायलंय."

"त्येंच्या तोंडात घास हाय. गिळू तर द्या," तानुबाई म्हणाल्या.

साहेब हसले. ते ज्या दगडावर बसले होते, तो त्या पोरानं, सूर्यभाननंच नदीतून आणला होता. दिवाळीपासून प्रत्येक सुट्टीला येऊन त्यानं दगडांची रास केली होती आणि खोल्यांच्या पायाचा एक कोपराही खणून ठेवला होता.

"हा हुरडा कुठं विकता?" साहेबांनी विचारलं.

"इकतेत व्हय हुरडा?" तानुबाईंना नवल वाटलं. "चार तासं, चारच ओळी पेरतो दरसाल, येनाऱ्या-जानाऱ्यासाठी. शेतात आलेल्या मानसाला तसंच कसं धाडावं?"

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, वाऱ्यावर डुलणाऱ्या कणसांकडे पाहिलं आणि सोबतच्या मोजणीदाराला म्हणाले, "ही जागा बघा. अगदी अशीच राहायला पाहिजे."

किशनरावांना बरं वाटलं. त्यांनी आणखी चार कणसं आगटीत खुपसली. निघताना जीपमध्ये एक भारा ठेवला.

वैशाखात तलाठी बन्सीधर यांनी चावडीवर सगळ्यांना सांगितलं. पाण्याकाठचा पट्टा पाहुण्यांसाठी राखला आहे. शेती चालू ठेवायची, नवं बांधकाम करायचं नाही.

"किशनराव, तुमचं शेत तर नमुन्याचं ठरलंय," ते म्हणाले. "सायबांनी लय तारीफ केली."

किशनराव मान हलवून घरी आले.

त्या रविवारी सूर्यभान आला. खणलेल्या कोपऱ्यापाशी थोडा वेळ उभा राहिला. पायानं एक ढेकूळ आत लोटलं.

"मग ऱ्हाऊ द्या, आबा," तो म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. पुढच्या सुट्टीला तो आला नाही.

पेरणीच्या वेळी तानुबाईंनी विचारलं, "गूळभेंडी पेरायची का औंदा?"

किशनरावांनी चार तासं पेरली.

हिवाळ्यात पाहुण्यांची गाडी आली. माणसं दगडांवर ऐसपैस बसली. वारा लागू नये म्हणून किशनरावांनी पायाच्या त्या कोपऱ्यातच गोवऱ्या रचल्या होत्या.

"किती छान सोय केलीय!" एक बाई म्हणाल्या. "खड्डासुद्धा मापात खणलाय."

किशनराव कणसं चोळत राहिले. सगळे खाण्यात गुंतले तेव्हा तानुबाईंनी चार कोवळी कणसं निवडून हळूच पदराखाली घेतली.

"कुनाला?" किशनरावांनी हलक्या आवाजात विचारलं.

"सेलूला. उद्या शेजारची सरजाबाई जायलीय तिकडं. तिच्याजवळ देते."

किशनराव आगटीतली राख सारखी करत राहिले. मग म्हणाले, "जिनिंगात समदा कापूस. आगटी कोन पेटवू देईल तिथं?"

तानुबाईंनी पदर सोडला आणि कणसं त्यांच्यापुढं ठेवली.

किशनरावांनी ती एकेक करून निखाऱ्यात खुपसली.