भुरीचं औषध

बहिरूने ओठ मिटले ते मिटलेच. नर्सने गोळी पुढे केली, बायकोने, लंकाबाईने, पाण्याचा पेला धरला, पण हा दिंडोरीचा गडी तोंड उघडील तर शपथ.

सकाळी द्राक्षबागेत फवारणी करतानाच त्याचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. मालकाने जीपमध्ये घालून नाशिकला आणलं. मेंदूकडे जाणारं रक्त गाठीने अडलंय, असं निदान झालं. सगळं समजावून घेऊन लंकाबाईने नव्या उपचाराच्या चाचणीला होकारही दिला होता. तेवढ्यात लेक उज्वला आली आणि गोळी बघून बोलून बसली, "ही तर मी मुरमांना घेत होते."

झालं. उभा जन्म बागांना औषध मारण्यात गेलेला माणूस तो. द्राक्षाचे रोग दोन, डावनी अन् भुरी; डावनीला डावनीचं औषध, भुरीला भुरीचं. अदलाबदल केली की बाग गेली, हे त्याचं वेदवाक्य.

"भुरीचं... डावनीला... नाय चालत," तो जड जिभेने कसाबसा म्हणाला.

डॉक्टर तृप्ती शेजारी बसली. "काका, औषध जुनंच आहे. त्याने मेंदूची हानी कमी होते का, ते आम्ही बघतोय. खात्री देत नाही. पण द्यायचं तर आजच सुरू करायला हवं. नको असेल तर बाकीचे उपचार चालूच राहतील."

बहिरूने मान फिरवली. लंकाबाई पलंगाला वळसा घालून त्याच्या तोंडासमोर गेली.

"गंधक कशाला मारता तुम्ही?"

"भु... भुरीला."

"अन् उज्वलाला खरूज झाली तवा काय लावलं व्हतं? त्याच पोत्यातलं गंधक, खोबरेल तेलात खलून. तवा नाय म्हणलात, हे भुरीचं हाय म्हणून." तिने पेला पुन्हा पुढे धरला. "मला लय भ्या वाटतंय. घ्या ना."

बहिरूने आ केला.

पुढच्या काही दिवसांत आधी जीभ सुटली, मग बोटं हलली. घरी सोडलं तेव्हा तो काठी टेकत चालत होता, आणि लंकाबाईच्या जिवात जीव आला होता. तिने डॉक्टरीणबाईंचे हात धरले.

"गोळीचाच गुण, असं मी म्हणणार नाही," तृप्ती म्हणाली. "गोळीशिवायही काही जण असे उठतात."

"बागेतबी तसंच अस्तं ताई," बहिरू म्हणाला. "औषध मारलं अन् आभाळबी उघडलं, तर यश कोणाला द्यायचं? बाग वाचली, बास."

पुढच्या हंगामात भुरी दिसली तशी बहिरूने टाकीत गंधक कालवलं. नाकावर फडकं बांधायला लंकाबाई रोजच्यासारखी जवळ आली. त्याने तिला थांबवलं. उजव्या हाताची बोटं दोनदा घसरली, तिसऱ्यांदा गाठ बसली. सैलच बसली.

लंकाबाईने ती पाहिली, आणि पंपाची नळी उचलून ती पुढच्या ओळीकडे चालू लागली.