हात लागला की डिस्क उघडते

सर्व्हरच्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम धुळीमुळे होता. हल्ली तो भक्तीने पाळला जाई. आत दाटीवाटीने माणसं उभी होती आणि मधोमध 'महाराज', म्हणजे स्टोरेज विभागातले वरिष्ठ इंजिनीअर. डोळे मिटलेले, तळहात सर्व्हरवर.

"डिस्कचं मन अशांत आहे. मशीन बंद करा. आता सुरू करा."

या सर्व्हरवर चालणाऱ्या एका इस्पितळाच्या मशीनची डिस्क सकाळपासून 'लिहिण्याची परवानगी नाही' म्हणून अडून बसली होती. ती मुकाट्याने लिहू लागली. टाळ्या पडल्या.

दारात उभ्या शंकासुराच्या पोटात दुखलं. चाचणी विभागातल्या या इंजिनीअरला हे नाव महाराजांनीच दिलं होतं. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागलेले. आज संध्याकाळी कंपनीच्या मोठ्या बाई विभागप्रमुख नेमणार होत्या आणि कोणाला, हे चहावाल्यालाही माहीत होतं. घरी बायको तर म्हणालीच होती, "त्यांच्या हातात काहीतरी आहे हो! तुमचा हात लागला की मिक्सरसुद्धा बंद पडतो."

मिक्सरचं त्याला फार लागलं होतं.

त्या दिवसापासून तो महाराजांवर डोळा ठेवून होता. प्रेमाने पाहणाऱ्यांना जे दिसलं नाही, ते या जळणाऱ्याला दिसलं. बोलावल्याबरोबर महाराज कधीच येत नसत. "अजून वेळ आलेली नाही," म्हणत बिस्किटं खात बसत. आणि ती वेळ नेमकी बॅकअप, म्हणजे डिस्कची राखीव प्रत काढण्याचं काम, संपला की यायची. बॅकअप कधी सुरू करायचा, तेही महाराजच ठरवत. मग त्याने मशीन चालवणारा प्रोग्राम उघडून वाचला.

दुपारी पुन्हा एक डिस्क अडली. बॅकअप चालू होता. मोठ्या बाईही आल्या होत्या.

"महाराज, आत्ताच लावा की हात," शंकासुर म्हणाला.

"श्रद्धा नसलेल्या माणसासमोर डिस्क उघडत नाही."

"मी बाहेर जातो. लावा."

तो खरंच बाहेर गेला. महाराजांनी हात लावला, मशीन बंद करवलं, सुरू करवलं. परवानगी नाही.

बॅकअप संपल्यावर शंकासुर आत आला. "बाई, आता तुम्हीच बंद करून सुरू करा. हात कोणी लावायचा नाही."

बाईंनी तसं केलं. डिस्क लिहू लागली.

शंकासुर सांगू लागला, "या सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी मशीनं नांदतात. प्रत्येकाची डिस्क म्हणजे एक फाइल. बॅकअप चालू असताना फाइलवर लिहायला बंदी असते. आपला प्रोग्राम 'लिहू का?' असं मशीन सुरू होतानाच विचारतो, आणि 'नाही' ऐकलं की तेच धरून बसतो. बंदी उठली तरी पुन्हा विचारत नाही! बंद करून सुरू केलं की विचारतो, एवढंच. लिहिण्याआधी दर वेळी विचारायला लावा, चमत्कार संपला."

"म्हणजे इस्पितळाचं काम सकाळभर तुमच्या बिस्किटांसाठी थांबलं होतं?" बाईंनी महाराजांना विचारलं. महाराज चपला शोधू लागले.

गर्दी मात्र शंकासुराकडे वळली. "साहेब, आमच्याही मशीनला तुमचा हात लागू द्या ना!"

इतकी वर्षं तो याच नजरांसाठी जळत होता. क्षणभर हात उचललाही गेला. मग त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"माझंही खरं मानू नका. प्रोग्राम उघडा, वाचा, स्वतः करून बघा. कारण सापडलं की हात कोणाचाही चालतो."