मरळीचा बस्ता

मुलांनो, जरा समजा, तुमच्याकडे बदकाची पुष्कळ पिल्लं होती आणि आता तीनच उरली आहेत. बाकीची कुठे गेली ते विचारावं लागत नाही. तुमच्या डोळ्यांदेखत तळ्याचं पाणी खळ्ळकन फुटलं आणि पिल्लू होतं तिथे नुसते बुडबुडे राहिले.

खारेपाटातल्या नलूचं तसंच झालं होतं. साहेब लोक देश सोडून गेले, त्याच्या पुढच्या दिवाळीतली ही गोष्ट. गावाच्या गोड्या तळ्यात एक थोराड मरळ मासळी राहायची आणि ती पिल्लं गिळायची. उरलेली तीन नलूने काठावर टोपलीखाली कोंडली होती. पाण्यासाठी ती दिवसभर ओरडत.

"उद्या बाजारात इकून टाकते गो," आजी सखुबाई म्हणाली. "मरळीला फुकट चारण्यापरीस बरं."

म्हणजे जे करायचं ते आजच. सुदैवाने (असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो) मुंबईच्या गोदीत कामाला असलेले बाळाजीकाका सुटीवर आले होते. किहीमच्या बंगल्यातल्या साहेबाने जाताना सामान विकलं, त्यातली एक पेटी त्यांनी आणली होती. आत लाकडाचे रंगीत खोटे मासे, प्रत्येकाच्या पोटाखाली गळ. झाकणावर बास नावाच्या विलायती माशाचं चित्र. आपल्या तळ्यात बास नव्हता, पण काकांच्या मते मासा तो मासा.

"सगळं रंगावर असतं," काका म्हणाले. "ऊन असलं की चंदेरी, आभाळ आलं की पिवळा, पाणी गढूळ तर लाल."

"आन् आज?" नलूने विचारलं.

काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. थोडं ऊन होतं, थोडं आभाळ होतं आणि पाणी थोडंसं गढूळ. काकांचं शास्त्र तिथेच अडलं.

मग गाव मदतीला धावला. काठावर घोंगडी अंथरली गेली, तिच्यावर खोटे मासे मांडले गेले आणि लग्नाचा बस्ता बांधायला बसावं तशी मंडळी बसली. पुढे होते धर्माजी पाटील. त्यांनी तीन मुलींचे बस्ते बांधले होते, म्हणून रंगातलं त्यांना कळतं असं गाव मानत असे. मुली मानत नसत.

"हिरवा घ्या. हिरवा खुलतो," धर्माजी म्हणाले.

"खुलतो? मरळीला काय मिरवायला न्यायची हाय?" सखुबाई म्हणाली. "पिवळाच बरा. पिल्लू पिवळंच हाय."

बस्त्याला नवरीला कोणी विचारत नसे, तसं इथे मरळीला कोणी विचारलं नाही. हिरवा टाकला, पिवळा टाकला, चंदेरी टाकला. चंदेरीने धर्माजींचं धोतर धरलं. मरळ हलली नाही.

"काका," नलू म्हणाली, "मरळ खालनं बघते ना?"

"खालूनच बघणार."

"मंग आपून वरनं कशाला बघतो?"

"मोठी माणसं बोलतायत ना, नलू?"

नलूने हिरवा आणि पिवळा पाण्यावर तरंगत सोडले, अंगावरच्या कपड्यांनिशी बुडी मारली आणि पाण्यात डोळे उघडून वर पाहिलं. मग नाकातोंडातून पाणी गाळत वर आली.

"काका, समदे काळे दिसतात! हिरवा काळा, पिवळा पन काळा."

"डोळ्यांत चिखल गेला असेल."

"मंग तुमी बघा."

काकांनी इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं आणि ते म्हणाले की, शास्त्राला भिजायची गरज नसते.

मुलांनो, तुम्ही मात्र करून पाहा. भर उन्हात दारात माणूस उभा करा आणि घरातल्या अंधारातून त्याच्याकडे बघा. मागे उजेड असला की सदऱ्याचा रंग कळत नाही, आकार तेवढा कळतो.

नलूने टोपलीखालचं एक पिल्लू डोक्यावर धरून खालून निरखलं. त्याचे पाय हवेतसुद्धा वल्हवत होते. तिने पेटीच्या तळाशी पडलेला, रंग उडालेला मासा उचलला. फडक्याच्या दोन चिंध्या फाडून त्याला पाय बांधले. दोरी फेकली, हळूच ओढली, थांबली, पुन्हा ओढली. चिंध्या फडफडल्या.

पाणी फुटलं. दोरी नलूला घेऊनच निघाली होती, पण काकांनी नलूला धरलं, धर्माजींनी काकांना धरलं आणि मरळ काठावर आली.

"ढगाळ हवेला फिकट रंग लागतो, मी म्हणतच होतो," काका धापा टाकत म्हणाले.

"फिकट कुठला? नीट बघा, हिरवी झाक हाय त्याच्यात," धर्माजी म्हणाले.

"व्हय, हिरवी! डोळे दाखवून या आधी," सखुबाई म्हणाली.

वाद मिटेना, तेव्हा सगळ्यांनी साक्षीसाठी नलूला हाक मारली. नलूने ओ दिली नाही. तिने टोपली उचलून पिल्लं पाण्यात सोडली होती, आणि खाली आणखी कोणी वाट बघत बसलंय का ते पाहायला ती त्यांच्या पोटाखाली बुडी मारून गेली होती.