गळाशिवायची कणीक

कोंडाजी मुकादम आमच्या दादाशी एकदाही खोटं बोलला नाही. हे आधी सांगून टाकते, कारण आमच्या गावात, खरवईत, आता सगळे म्हणतात, मुकादमानं नाथाला थापा मारून नेलं आणि मारलं. थापा नव्हत्या. मी तिथंच होते.

घरात बा, आय, नाथादादा, मी आणि धाकटा बाळ. मी पाचवीत शाळा सोडली. गुरुजी आयबद्दल काहीतरी बोलले, मी पाटी भिरकावली, ती त्यांच्या कपाळाला लागली. तेव्हापासून मी नदीच्या डोहात गळ टाकून मासे धरायचे आणि अंबरनाथला स्टेशनजवळ विकायचे.

तिथं पश्चिमेला जयदेव मास्तर राहायचे. किरिस्ताव माणूस, म्हातारा, एकटा. पाद्र्यांच्या कॉलेजात ग्रीक भाषा शिकवायचे म्हणे. मासे घेताना भाव करायचे नाहीत, प्रश्न विचारायचे.

"काय लावतेस गळाला?"

"कणीक. हळद घालून मळलेली."

"म्हणजे माशाला फसवतेस."

"फसवते कुठं? कणीक खरीच असते की."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या शास्त्रात एक ग्रीक शब्द येतो, डोलोस. मराठीत आम्ही 'कपट' म्हणतो. पण फार जुन्या काळी ते लोक माशाला टाकायच्या आमिषालाच डोलोस म्हणायचे. कपट म्हटलं की लोकांना वाटतं, खोटं बोलणं. नुसतं तेवढं नाही ते. येशू एका माणसाला येताना बघतो आणि म्हणतो, ह्याच्यात डोलोस नाही. म्हणजे हा माणूस हातावर काही ठेवेल तेव्हा त्याच्या आत दुसरं काही नसेल."

"आम्ही तर आधी आठवडाभर गळ न लावताच कणीक टाकतो," मी म्हटलं. "मासा त्या जागेला सरावतो. भ्यायचा थांबतो."

"आणि मग?"

"मग काय. एक दिवस आत गळ."

मास्तर त्या दिवशी हसले नाहीत. मासे घेऊन आत गेले.

त्याच सुमाराला कोंडाजी आमच्या अंगणात येऊन बसला. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्याला तो माणसं पुरवायचा. दादाला म्हणाला, कारखान्याच्या बागेत पाणी घालायचं काम आहे, सावलीत. होतं. दोनदा चहा मिळेल म्हणाला. मिळाला. दिवाळीआधी शर्ट देतो म्हणाला, तर निर्वासितांच्या कॅम्पातून, सिंध्याच्या दुकानातून निळं कापड आणून शिवून दिला. दादा तो शर्ट उशाशी घेऊन झोपायचा.

"मुकादमाला काय मिळतं तुला खायला घालून?" मी विचारलं.

"अंजे, तुला सगळ्यांत खोट दिसते. तुला कुणी चहा विचारत नाही म्हणून जळतेस."

मी तांब्या फेकून मारला. त्यानं चुकवला. सवय होती.

एका दुपारी मी त्याची भाकरी घेऊन गेले तर दादा बागेत नव्हता. कारखान्याच्या मागच्या अंगाला जमिनीत मोठी टाकी होती. आतला गाळ उपसायला तिचं झाकण काढलेलं. डोळ्यांत झोंबणारा वास. कायमचे कामगार लांब चिंचेखाली बसले होते. एक जण तिकडं बघेल तर शपथ.

"तुम्ही का नाही उतरत?" मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं.

त्यानं विडी विझवली. "आम्हाला ठाऊक आहे म्हणून. उन्हाळ्यात एक उतरला होता. मेलेलाच काढला."

मी धावत गेले. कोंडाजी दादाच्या कमरेला रशी बांधत होता. गाठ नीट ओढून बघत होता.

"दादा, उतरू नको. ह्यात माणूस मेलाय."

दादानं कोंडाजीकडं बघितलं. "खरं का, मुकादम?"

"खरं," कोंडाजी म्हणाला. "त्याला रशी नव्हती. म्हणून तुला बांधतोय."

"ऐकलंस? लपवलं का त्यानं?"

"घरी चल. काम गेलं तर जाऊ दे."

"तमाशा करू नको, अंजे. ह्या माणसानं आजवर माझ्याशी एक शब्द मोडला नाही." त्यानं शर्ट काढून माझ्या हातात दिला. "धर. मळेल."

मी रशी पकडून खाली बसले. वॉचमन मला ओढायला लागला, तर त्याच्या मनगटाला चावले. तरी त्यानं बाजूला केलंच.

दादा उतरला. खालून एकदा खोकला ऐकू आला. मग रशीला झटका बसला आणि ती ढिली पडली. कोंडाजी ओढायला लागला. स्वतः ओढली त्यानं, तळहात सोलून निघेपर्यंत, रडत. हेसुद्धा खरं सांगते. दादा वर आला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं.

जयदेव मास्तर चालत खरवईला आले, ओटीवर बसले. देवाचं काही बोलले नाहीत. मीच विचारलं, "माशानं काय करायचं, ते लिहिलंय का तुमच्या शास्त्रात?"

"जागे राहा, असं लिहिलंय," ते म्हणाले. "भुकेल्यानं कसं जागं राहायचं, ते मला अजून सापडलं नाही."

तेरावं झाल्यावर कोंडाजी आला. हातांना चिंध्या बांधलेल्या. पाणी प्यायला, पिशवीतून निळं कापड काढून बाच्या पुढ्यात ठेवलं.

"हिंदुराव, बाळला पाठवा. बागेतलंच काम. त्याला टाकीत कुणी उतरवणार नाही. लहान आहे तो."

"मोठा झाल्यावर?" मी विचारलं.

तो गप्प बसला. खोटं बोलत नाही ना.

मी वळचणीतून माझा गळ काढला आणि त्या कापडावर ठेवला. "हे राहिलं होतं तुमचं."

कोंडाजीला राग आला नाही. तो गळाकडं बघत राहिला. "मला दोन पोरी आहेत, गो," तो म्हणाला. "मलासुद्धा कुणीतरी चारा टाकतंच की." मग उठला आणि गेला. कापड तिथंच राहिलं.

आय आत निघून गेली. बानं गळ चिमटीत धरून जपून उचलला, कुणाला टोचू नये म्हणून परत वळचणीला खोचला, आणि कापड झटकलं.

"बाळ, इकडं ये," तो म्हणाला.

बाळ पाठ करून उभा राहिला. बानं कापड त्याच्या खांद्यांना लावून बघितलं. पुरून उरत होतं.